कराचीचा पाऊस

धाकटी डहाणूला देवजीची एक बोट होती आणि तिच्यावर तलासरीजवळच्या उधव्याचा लाहू कित्येक वर्षं खलाशी होता. नारळी पौर्णिमेला तो यायचा आणि मेअखेर बोट किनाऱ्यावर ओढून घेतली की आपल्या पाड्यावर परत जायचा. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात मजुरी, बाकीचं वर्ष समुद्रावर, असं त्याचं चाललं होतं. देवजीची मुलगी हेमाली शाळेत होती तेव्हा तो तिच्यासाठी जाळ्यात आलेले शंख बाजूला ठेवायचा. ती त्याला लाहूकाका म्हणायची. पुढे शिकून ती पुण्याला नोकरीला लागली, तरी सुट्टीत घरी आली की आधी बंदरावर जाऊन त्याला भेटायची.

पुण्यात ती हवामानाच्या एका संस्थेत होती. हिंदी महासागर कुठे किती तापलाय, प्रशांत महासागरात काय चाललंय, हिमालयावर बर्फ किती उरलंय, हे सगळं गणितात घालायचं आणि येत्या चार महिन्यांत अख्ख्या दक्षिण आशियात कुठे कसा पाऊस होईल याचा नकाशा काढायचा, हे तिचं काम. नकाशावर छोटे छोटे चौकोन असत. जास्त पावसाचे निळे, कमी पावसाचे तपकिरी. डहाणू आणि तलासरी मिळून एका चौकोनात बसत, आणि त्या चौकोनाचा अर्धा भाग समुद्रात होता.

त्या वर्षी ती मेच्या शेवटी आली तेव्हा बोट नुकतीच वर घेतली होती. लाहू इंजिनाला ग्रीस लावत होता. तिची आई मैना बांबूंवरचे शेवटचे सुके बोंबील उतरवत होती.

"बाय, यंदा मी बोटीवर नाय येणार," लाहू हळूच म्हणाला. "शेठला अजून बोललो नाय. आधी तुला विचारायचं होतं."

डोंगरउताराचा एक तुकडा त्याच्या नावावर झाला होता. वनहक्काचा पट्टा. वर्षानुवर्षं त्याचा बाप तिथे चोरून नागली, म्हणजे नाचणी, पेरायचा, आता ती जमीन खरोखर त्यांची होती. लाहू समुद्रावर असताना त्याच्या बायकोने, गंगीने, दोन उन्हाळे खपून दगडांचे बांध घातले होते आणि उताराची खाचरं केली होती.

"गंगी म्हणते, नागली लाव. नागलीला पाणी कमी लागतं. पण मला एकदा स्वतःच्या जमिनीत भात लावायचं आहे. गरवं भात, उशिरा पिकणारं, चांगलं. आजवर दुसऱ्याच्याच चिखलात वाकलो. पण उताराला पाणी थांबत नाय, पाऊस सलग लागतो. तू सांग, यंदा कसा आहे?"

हेमालीने मोबाइलवर नकाशा उघडला. डहाणूचा चौकोन निळा होता.

"निळा म्हणजे?"

"सरासरीपेक्षा जास्त पाऊस व्हायची शक्यता."

"किती पक्कं?"

"शंभरात साठ."

लाहूने मान डोलावली. त्याला ते बरोबर कळलं. "शंभर वेळा जाळं टाकलं आणि साठ वेळा मासळी आली, तर ते वर्ष चांगलं म्हणतो आम्ही."

"पण काका, हे चार महिन्यांचं मिळून आहे हं," हेमाली म्हणाली.

"हो, हो," लाहू म्हणाला. तेवढ्यात मैनाने चहाला हाक मारली आणि दोघं उठले.

जून जोरात आला. लाहूच्या खाचरांत गुडघाभर चिखल झाला, रोपं तरारली आणि जुलैच्या सुरुवातीला आवणी आटपली. बाईमाणसं, पोरं, शेजारच्या पाड्यावरची जानी, सगळे एका रांगेत वाकून लावत होते. देवजीला लाहूने फोन करून सांगितलं की मी येत नाही. देवजीला वाईट वाटलं, पण त्याने झाई गावचा एक खलाशी ठरवला.

मग पाऊस थांबला. आधी कोणाला काही वाटलं नाही. आवणीनंतर थोडी उघडीप बरीच असते. पण जुलै सरला, ऑगस्ट लागला, आभाळात ढग यायचे आणि समुद्राकडून येऊन डोंगरापलीकडे निघून जायचे. खाचरांतलं पाणी आटलं. चिखलाला भेगा पडल्या, त्या भेगांत गंगीचा हात मनगटापर्यंत जायचा. खालच्या ओढ्यातून हंड्यांनी पाणी आणून तिने वरचं एक खाचर काही दिवस ओलं ठेवलं. मग ओढाही तळाला गेला. गणपती यायच्या आत भात पिवळं पडलं आणि जनावरांना घालावं लागलं.

सप्टेंबरात पाऊस परत आला आणि असा आला की उधव्याच्या रस्त्यावरचा मोरीपूल वाहून गेला. रिकाम्या खाचरांचे दोन बांधही त्याने नेले.

लाहू डहाणूला आला. देवजी जाळं विणत बसला होता. दोघांनीही बराच वेळ वेगळंच काहीबाही बोलून काढलं.

"झाईवाल्याला मी वर्षभराचा शब्द दिलाय रे," शेवटी देवजी म्हणाला. "त्याला कसा काढू? आणि बोटीवर जागा तर तू बघतोसच."

"नाय शेठ, त्याला नका काढू. त्याचंही घर आहे."

तलासरीत एक तांडेल, बोटीचा म्होरक्या, होता. तो गुजरातच्या मोठ्या बोटींसाठी माणसं न्यायचा. पाड्यावरचे बरेच जण जायचे. लाहू त्याच्याबरोबर ओख्याला गेला. तिकडच्या बोटी लांब जातात, पंधरा पंधरा दिवस परत येत नाहीत, एवढंच त्याला माहीत होतं.

ऑक्टोबरात हेमालीच्या संस्थेत हंगामाचा आढावा झाला. अंदाजाचा नकाशा आणि प्रत्यक्ष पावसाचा नकाशा शेजारी शेजारी लावले होते. उत्तर कोकणाचे चौकोन दोन्हीकडे निळे. विभागप्रमुखांनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं, म्हणाले, या पट्ट्यात इतका अचूक अंदाज गेल्या काही वर्षांत आला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेमालीला आनंद झाला होता. उधव्याला काय झालं ते तिला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर देवजीचा फोन आला.

"लाहूची बोट पकडली," तो म्हणाला. "हद्दीजवळ. त्यांच्या गस्तीच्या बोटीने वेढली आणि सगळ्यांना घेऊन गेले. कराचीच्या तुरुंगात ठेवलंय म्हणतात."

"पण लाहूकाका ओख्याला कशाला गेला होता?" हेमालीने विचारलं.

तेव्हा देवजीने तिला सगळं सांगितलं. भाताचं, भेगांचं, झाईच्या खलाशाचं. सांगताना तो मधेमधे थांबत होता. आपण त्या दिवशी लाहूला घरी जेवायला तरी थांबवायला हवं होतं, असं तो दोनदा म्हणाला. हेमाली ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तिला लाहूचा एक शब्द आठवला. सलग. त्याने किती पाऊस पडेल हे विचारलंच नव्हतं. पाऊस सलग लागतो, असं तो म्हणाला होता.

ती रजा घेऊन आली आणि बापलेक उधव्याला गेले. चारोटीला देवजीने गाडी थांबवून पोरांसाठी बिस्किटं घेतली. गंगी घरासमोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. काळी, काटक बाई. तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतं, ती लहानथोर सगळ्यांना तूच म्हणायची. तिने खाट टाकली, पाणी दिलं. देवजीने कचेरीत, आमदारांकडे, मच्छीमारांच्या संघटनेकडे कोणाकोणाला भेटलो ते सांगितलं. गंगी ऐकत होती. मग ती हेमालीकडे वळली.

"तू त्याला बोललीस, चांगला पाऊस आहे."

हेमालीने वाटेत पुष्कळ काही ठरवलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "काकी, पाऊस चांगलाच झाला. सरासरीच्या वर झाला."

"मग माझं भात कुठे गेलं?"

"मधे खंड पडला. तो... तो आमच्या अंदाजात दिसत नाही. आम्ही चार महिन्यांचा मिळून सांगतो."

"चार महिन्यांचं मिळून जेवता काय तुम्ही?" गंगी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारावं तसं तिने विचारलं आणि पुन्हा शेंग सोलायला घेतली.

देवजीने खाली बघितलं. हेमालीचे डोळे भरून आले, पण इथे आपण रडणं बरोबर नाही एवढं तिला कळत होतं. ती उठून गंगीशेजारी जमिनीवर बसली आणि तिनेही शेंगा सोलायला घेतल्या.

बऱ्याच वेळाने गंगीने विचारलं, "ते गाव कुठे आहे? समुद्रात का जमिनीवर?"

हेमालीने मोबाइल काढला. दुसरा कुठला नकाशा तिच्याजवळ नव्हता, होता तो पावसाचाच. त्यावर तिने बोट ठेवलं. "हे आपण. हा किनारा असा वर जातो, हे ओखा, आणि हे कराची."

गंगीने आपलं बोट आडवं ठेवून अंतर मोजलं. दोन पेरंसुद्धा भरलं नाही. "जवळच तर आहे."

तिचं बोट कराचीवरच राहिलं.

"तिथला पाऊस पण तुला कळतो?"

"कळतो. रोज सकाळी सगळीकडचे आकडे येतात. डहाणूचा येतो, तसा तिथलाही येतो. ऊन किती, थंडी किती, पाऊस किती."

"माणसाचं काही कळत नाय आणि पावसाचं रोज कळतं?"

"हो, काकी."

गंगीने सोललेल्या शेंगांची टरफलं बाजूला सारली. "मग तेच सांगत जा मला," ती म्हणाली. "त्याच्या डोक्यावर काय पडतं, ते तरी सांगत जा."

त्यानंतर दर रविवारी हेमाली फोन करू लागली. बोलणं फार नसायचं. डिसेंबरात ती सांगायची, रात्री थंडी आहे, पण कडाक्याची नाही. गंगी विचारायची, आपल्यापेक्षा जास्त? थोडी जास्त. मग त्याला गोधडी मिळाली असेल काय? ते माहीत नाही, काकी. मे महिन्यात ती सांगायची, चाळीसच्या आसपास, पण समुद्राचा वारा असतो. गंगी म्हणायची, वारा आत येतो का पण. हळूहळू गंगीही थोडं बोलू लागली. धाकट्या मुलीला ताप येऊन गेला. पट्ट्यावरचे पडलेले बांध एकटीने परत घातले. यंदा तिथे नागली. कोणाला विचारलं नाही.

हेमालीला रविवारची धास्ती वाटायची आणि फोन झाला की बरंही वाटायचं. कामावर तिने नव्या हंगामाचे नकाशे काढले. यंदा वसईपासून वापीपर्यंतचे चौकोन पांढरे होते, म्हणजे काहीच नक्की सांगता येत नाही असे. पूर्वी असे चौकोन तिला अपुरे वाटायचे. या वेळी ते तसेच ठेवताना तिला जड गेलं नाही. पावसातला खंड आधी कळेल का यावर काम करणाऱ्या गटात तिने स्वतःहून बदली मागून घेतली. तिथे यश फार थोडं होतं आणि टाळ्या नव्हत्या.

जुलैत एका सकाळी आकडे आले आणि कराचीच्या ओळीवर तिची नजर थांबली. एका दिवसात तिथे जवळजवळ वर्षाचा पाऊस पडला होता. ढग सिंधवर दोन दिवस बसून होता, उपग्रहाच्या चित्रात पांढराशुभ्र, काठावर जरा विस्कटलेला. संध्याकाळी बातम्या आल्या. रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या, भिंती पडल्या होत्या, माणसं गेली होती. तुरुंगाबद्दल कुठेच काही नव्हतं.

रविवारी तिने फोन केला.

"पाऊस?" गंगीने विचारलं.

"पडला थोडा," हेमाली म्हणाली.

"थोडाच?"

"हो. थोडाच."

"बरं झालं. उकाडा कमी झाला असेल त्याचा," गंगी म्हणाली आणि पट्ट्यावरच्या नागलीबद्दल सांगू लागली.

दोन दिवसांनी गंगीचाच फोन आला. तोवर तिने स्वतःहून कधी फोन केला नव्हता.

"उधव्याच्या बाजारात टीव्ही लावलेला," ती म्हणाली. "माणसं गळ्याएवढ्या पाण्यातून चाललेली. खाली गावाचं नाव होतं, शेजारच्या जमनाच्या पोरीनं वाचून दाखवलं. ते तेच गाव ना?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"हो, काकी."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"तुम्हाला काळजी वाटेल म्हणून..."

"मागे तू चुकलीस," गंगी म्हणाली. "चुकलीस, ते मी समजले. पुढचं कोणाला दिसत नाय. देवाला पण दिसत नसेल. पण हे तुला दिसत होतं. माझ्याकडे दुसरं काय आहे? त्याचा आवाज नाय, निरोप नाय. तुझा एक पाऊस होता. तो पण तू खोटा केलास."

तिने फोन ठेवला. पुढच्या रविवारी तिने उचलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

हेमालीने देवजीला काही सांगितलं नाही. ती पुण्याहून निघाली, डहाणूला घरी न थांबता एसटीने तलासरीला आली आणि तिथून जीपने उधव्याला. पाऊस चालू होता. गंगी पट्ट्यावर होती. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन ती नागलीची रोपं लावत होती. तिने हेमालीला चढ चढून येताना पाहिलं, पण ती उभी राहिली नाही.

हेमाली बांधावर थांबली. चपला चिखलात राहिल्या होत्या.

"आपल्याकडे जोराच्या पावसात एका दिवसात जेवढा पडतो, तेवढा पडला," ती म्हणाली. "आपल्या नद्यांना, जमिनीला त्याची सवय आहे. तिथे वर्षभरात मिळून तेवढा पडतो. म्हणून शहर बुडालं. दोन दिवस पडला, मग थांबला. तेव्हापासून तिथे कोरडं आहे. माणसं मेली. किती, ते नीट कळलेलं नाही. तुरुंग शहराच्या कडेला आहे. त्यात पाणी शिरलं का, मला माहीत नाही. लाहूकाका कसा आहे, माहीत नाही. कळायला काही मार्ग पण नाही."

गंगीने हातातली जुडी संपेपर्यंत लावली. मग ती सरळ झाली. तिच्या कोपरांवरून पाणी गळत होतं.

"असं सांगायचं," ती म्हणाली. "नाय माहीत, तर नाय माहीत सांगायचं. मी काय पोर आहे?"

"नाही."

"तुला नागली लावता येते?"

"नाही. भातसुद्धा कधी लावलं नाही. आम्ही बोटवाले."

"ये खाली," गंगी म्हणाली, आणि तिने रोपांची एक जुडी हेमालीच्या हातात दिली.

रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. आता हेमाली जे येईल ते सांगायची. कधी सांगायची की आज तिथला आकडा आलाच नाही, यंत्र बंद असेल. गंगी म्हणायची, ठीक. पुढचा हिवाळा गेला. आणखी एक उन्हाळा गेला. देवजी अधूनमधून कचेऱ्यांत खेटे घालत होता. दोन्ही सरकारांचं बोलणं चाललंय, एवढंच उत्तर त्याला मिळायचं. दुसरा पावसाळा सरत आला, आणि दसऱ्याच्या सुमारास अचानक कळलं की खलाशांची एक तुकडी सोडणार आहेत आणि तिच्यात लाहू आहे.

सीमेवरून आगगाडीने, मग सरकारी बसने त्यांना आणलं. तलासरीच्या स्टँडवर गर्दी होती, कोणीतरी हार आणले होते. लाहू सगळ्यांच्या शेवटी उतरला. केस पांढरे झाले होते, पाय सुजलेले होते, आणि तो बायकोकडे न बघता आधी जमिनीकडे बघत होता, पायरी चुकेल अशा भीतीने. गंगीने पुढे होऊन त्याचा दंड धरला. देवजी मोठ्याने रडला. गंगी रडली नाही.

घरी आल्यावर त्याने पेज प्यायली आणि मग थोडं थोडं बोलला. तिथे मण्यांच्या माळा करायला शिकला. मारहाण सुरुवातीला झाली, नंतर नाही. बरोबरचा एक जण दमा होऊन गेला. लाहूचा एक कान गेला होता, म्हणून तो बोलणाऱ्याकडे डोकं वळवून ऐकायचा.

"एकदा पाणी शिरलं बराकीत," तो म्हणाला. "कमरेएवढं. आम्ही सगळे ओट्यावर चढून उभे. दिवस, रात्र, परत दिवस. तेव्हा वाटलं, आता इथे मेलो तर घरी कोणाला कळणार पण नाय की पाऊस होता."

"जुलैत," गंगी म्हणाली. "गेल्या वर्षीच्या."

लाहूने तिच्याकडे डोकं वळवलं.

"दोन दिवस पडला. तिसऱ्या दिवशी थांबला. आम्हाला ठाऊक होतं." तिने हेमालीकडे हात केला. "हिनं सांगितलं. आधी खोटं, मग खरं."

लाहूने डोळे मिटून घेतले आणि त्याचे खांदे हलू लागले. गंगीने मुलींना बाहेर घालवलं.

तो शांत झाल्यावर हेमाली त्याच्यासमोर बसली. "काका, त्या वर्षी मी तुला नीट सांगायला हवं होतं. तू सलग म्हणाला होतास. मी ऐकलंच नाही."

लाहूने विचार केला. कुठलाही शब्द आता तो सावकाश बोलायचा. "मी तुझ्या बापाबरोबर किती वर्षं समुद्रावर होतो. तो वारा बघून सांगायचा, आणि चुकायचा पण. तेव्हा मी म्हणायचो, चुकला बुवा, चला. तू शिकलेली म्हणून मला वाटलं, तू नाय चुकणार. तुझ्या बोलण्यावर राहिलो, हे खरं आहे, बाय. ते मी नाकारू शकत नाय. पण भात मलाच लावायचं होतं."

"मी नाय सोडला राग," गंगी चुलीपाशी बसून म्हणाली. "ह्याचा कान गेला. दोन वर्षं गेली. ती कोणाच्या तरी नावावर लावायची तर कोणाच्या लावू? तुझ्या थोडी, शेठच्या थोडी, ह्याच्या थोडी. तांडेलाच्या, त्या गस्तवाल्यांच्या. माझ्याकडे सगळ्यांचा वाटा ठेवलेला आहे." तिने तव्यावरची भाकर उलटली. "जेवून जा आता. अंधार पडायच्या आत चारोटी गाठाल."

देवजी आणि हेमाली जेवले. नागलीची भाकर, सुक्या जवळ्याची चटणी. देवजीने लाहूला बोटीवरची जागा देऊ केली तेव्हा लाहूने गंगीकडे बघितलं आणि मान हलवली. पुढच्या महिन्यात देवजीने ओळखीच्या एका वाडीत त्याला चिकू उतरवण्याचं काम बघून दिलं. त्याला शिडीवर चढवत नसे, म्हणून तो खाली बसून फळं निवडायचा. समुद्र त्या वाडीतून दिसत नसे.

लाहू घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हेमाली पुण्याला निघण्याआधी एकटीच पुन्हा उधव्याला आली. पट्ट्यावर कापणी चालली होती. नागलीची कणसं मुठी वळाव्यात तशी वळली होती. गंगी आणि जानी विळ्याने कणसं तोडत होत्या, लाहू बांधावर बसून सुपात घेत होता.

"थोडी ने," गंगी म्हणाली आणि तिने एका फडक्यात कणसं बांधून दिली. "वाळवून, मळून घे. नाय जमलं तर रविवारी विचार."

हेमालीने ते घेतलं. गंगी पुन्हा कापायला वाकली.